आई झोपल्या की हॉलचा आवाज बसायचा

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात एक विचित्र प्रकार सुरू झाला. रात्री साडेनवाच्या सुमाराला सासूबाई, म्हणजे आमच्या आई, खोलीतला दिवा मालवायच्या आणि त्यानंतर हॉलमधल्या स्पीकरचा आवाज बसायचा. बसायचा म्हणजे कमी व्हायचा नाही. सर्दी झालेल्या माणसाचा बसतो तसा. मंद्र-मध्यात काही कळायचं नाही. गायक तार षड्जावर जाऊन ठेपला, किंवा डग्ग्यावर जोरात थाप पडली, की स्वराच्या कडेला खरखर. सकाळी पुन्हा सगळं लख्ख.

नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात निदान केलं, "अगं, रात्री तुझे कान दमलेले असतात." एकोणतीस वर्षं भोसरीत मापनयंत्रांच्या कॅलिब्रेशनमध्ये काढलेल्या बाईला असं सांगायचं नसतं. पण माझ्याकडेही दुसरं उत्तर नव्हतं, म्हणून ऐकून घेतलं.

उत्तर सापडायला दीड महिना लागला. ते सांगण्याआधी पुण्यातल्या डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एका प्रीॲम्पवर (आवाजाचं बटण असलेला आधीचा डबा) तीन ॲम्प (स्पीकरला ताकद देणारे डबे) आणि स्पीकरच्या तीन जोड्या का चालतात, ते सांगायला हवं. पाहुणे विचारतातच. काही जण विचारत नाहीत, नुसते वायरींकडे बघतात.

सुरुवात साधी होती. हॉलमध्ये एक इंटिग्रेटेड ॲम्प, मागे स्पीकरसाठी 'ए' आणि 'बी' अशा दोन जागा. 'ए'ला हॉलचे स्पीकर, ६ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जितका कमी तितका ॲम्पवर ताण जास्त). स्वयंपाकघरात फडताळावर ठेवायला एक छोटी जोडी मिळाली, ४ ओहमची. ती लावली 'बी'ला. पुढचं बटण 'ए अधिक बी'वर. झालं, दोन्हीकडे गाणं. त्या दिवाळीत चकल्या तळताना सलग चार-पाच तास भजनं चालू होती आणि मधेच ॲम्पच्या आतून 'टक्' असा आवाज येऊन सगळं शांत झालं. हात लावला तर वरची जाळी तव्यासारखी. संरक्षणाचा रिले, म्हणजे आपोआप तुटणारा स्विच, सुटला होता, म्हणून ॲम्प वाचला. मागच्या पट्टीवर स्वच्छ छापलेलं होतं की दोन्ही जोड्या एकदम लावायच्या तर प्रत्येक किमान ८ ओहमची हवी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रांच्या पट्ट्या वाचल्या, घरची वाचली नाही. सहा आणि चार समांतर लावले की गुणाकार भागिले बेरीज, चोवीस भागिले दहा, २.४ ओहम. ॲम्प त्याच्या कुवतीच्या पलीकडचा करंट देत बसला होता बिचारा.

तेव्हा जी गोष्ट पुस्तकात माहीत होती ती डोक्यात नीट बसली. ॲम्पच्या नंतर वाटणी केली तर करंट वाटावा लागतो. ॲम्पच्या आधी वाटणी केली तर वाटायला जवळजवळ काहीच नसतं. स्पीकर जेवतो, पॉवर ॲम्पचं इनपुट नुसतं ऐकतं. कीर्तनाला दहा माणसं असली काय आणि शंभर असली काय, बुवांना घसा तेवढाच लागतो. पंगतीला शंभर आली तर मात्र आचाऱ्याची धांदल उडते. म्हणून प्रत्येक स्पीकर-जोडीला तिचा स्वतःचा ॲम्प आणि सगळ्यांच्या आधी एकच प्रीॲम्प, एकच आवाजाचं बटण, असं ठरवलं.

मधे एक आळशी प्रयोगही करून पाहिला. स्वयंपाकघरात ब्लूटूथ स्पीकर. वायर नाही, कटकट नाही. पण ब्लूटूथवरून आवाज पोचायला साधारण दीड-दोनशे मिलिसेकंद, कधी त्याहूनही जास्त लागतात. बातम्यांना काही बिघडत नाही. पण द्रुत तीनताल मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत चालला असेल तर एक मात्रा २५० मिलिसेकंदांची. म्हणजे हॉलमध्ये सम आली की स्वयंपाकघरात ती जवळजवळ मात्राभर उशिरा येणार. दोन्हींच्या मधल्या पॅसेजमध्ये उभं राहिलं तर तबलजी स्वतःशीच भांडतोय असं वाटायचं. वायरीतून असं होत नाही. तिथं उशीर होतो तो फक्त हवेतला, आवाजाला नऊ मीटर यायला सव्वीस मिलिसेकंद, आणि तेवढं कान चालवून घेतो.

प्रीॲम्प जुना घेतला, सहकारनगरच्या एका गृहस्थांकडून. त्यांनी अभिमानानं सांगितलं की याला आउटपुटच्या दोन जोड्या आहेत. घरी आणून झाकण उघडलं. दोन्ही जोड्यांचे जॅक आतल्या एकाच पट्टीवर सोल्डर केलेले. म्हणजे दोन आउटपुट कसले, आतच बसवलेली वाय-केबल, एकाचे दोन फाटे करणारी! बहुतेक ठिकाणी असंच असतं आणि त्यात फसवणूक काही नाही. पण त्यामुळे तिसऱ्या ॲम्पसाठी बाहेरून आणखी एक वाय-केबल लावायला हरकत नाही हेही कळलं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. वाय-केबलनं एक आउटपुट दोन इनपुटांना देता येतो. दोन आउटपुट एकत्र बांधून एका इनपुटात घालायचे नाहीत. आमच्या सोसायटीतल्या एका मुलानं टीव्ही आणि फोन असे दोन्ही जोडून एका ॲम्पला दिले होते आणि आवाज इतका बारीक का म्हणून विचारत होता. दोघं एकमेकांच्या तोंडावर हात ठेवून बोलत होते, दुसरं काय.

तीन ॲम्प हा प्रीॲम्प पेलेल का, हे अंदाजानं ठरवायचं नव्हतं. चारशे हर्ट्झचा सूर लावला. साध्या मल्टिमीटरचं एसी माप एवढ्याच टप्प्यात भरवशाचं असतं, त्याला दहा हजार हर्ट्झ दाखवून उत्तर विचारू नये. मोकळ्या जॅकवर १.०० व्होल्ट येईल इतपत आवाज ठेवला. मग जॅकवर १ किलोओहमचा रेझिस्टर टाकला. ०.६२. उरलेले ०.३८ प्रीॲम्पच्या पोटातच पडले. हजार गुणिले ०.३८ भागिले ०.६२, म्हणजे ६१३ ओहम. हा झाला त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे पोटातला अडथळा.

आता ऐकणारे. हॉलच्या पॉवर ॲम्पचा इनपुट इम्पीडन्स ४७ किलोओहम. स्वयंपाकघरासाठी टीडीए २०३० चिपचा ॲम्प मीच पत्र्याच्या डब्यात बांधला होता, त्याचा २२. आईंच्या खोलीत डी-क्लास चिपचा तयार बोर्ड, २६ डेसिबल गेनचा (गेन म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते), त्याचा ३०. या तीनही वाटा समांतर धरल्या की जवळजवळ नेमके १० किलोओहम भरतात. ठोकताळा असा की ऐकणाऱ्यांच्या ओझ्याचे ओहम आउटपुट इम्पीडन्सच्या निदान दहापट हवेत. इथं सोळापट होते. तोटा अर्ध्या डेसिबलचा, जो कुणाच्याही कानाला कळणार नाही. नवऱ्याच्या तर नाहीच.

याच सुमारास कंपनीतला माझा एक जुना सहकारी घरी आला. हा कट्टर माणूस. त्याचं म्हणणं, प्रीॲम्प हवाच कशाला, एक चांगला ५० किलोओहमचा पोटेन्शियोमीटर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा साधा पॉट, डब्यात बसव, सिग्नलच्या वाटेत कमीत कमी भानगडी. एक ॲम्प आणि हातभर केबल असेल तर मी त्याचं ऐकलंही असतं. पण अशा पॉटचा आउटपुट इम्पीडन्स बटणाच्या जागेप्रमाणे बदलतो आणि वाईटात वाईट जागी साडेबारा किलोओहम होतो. माझी केबल स्वयंपाकघरापर्यंत सहा मीटर आणि आईंच्या खोलीपर्यंत आठ, एकूण चौदा. केबलला कपॅसिटन्स असतो, वरचे सूर गिळणारा. तो मीटरला शंभर पिकोफॅरड धरला तर १४०० पिकोफॅरड. साडेबारा किलोओहम आणि ही केबल मिळून नऊ हजार हर्ट्झच्या पुढे सगळं उतरणीला लागतं. तानपुऱ्याची जवारी कुठे असते? तिथेच, वर. तेच ६१३ ओहमला ही उतरण १८५ हजार हर्ट्झला सुरू होते, वटवाघळांचासुद्धा प्रश्न उरत नाही. हे सगळं मी त्याला कागदावर करून दाखवलं. त्यानं चहा घेतला आणि म्हणाला, "तरीपण..." अशा माणसांशी वाद घालू नये.

मग जोडणी केली आणि हम आला.

हॉल आणि आईंची खोली एवढंच जोडलेलं होतं तोवर शांतता होती. स्वयंपाकघरातला ॲम्प जोडला रे जोडला, की दोन्हीकडे घुंऽऽ. मी हार्मोनियम काढून सूर जुळवून पाहिला. पांढरी पाचच्या थोडा वर, काळी चारच्या थोडा खाली. बरोबरच आहे, खालच्या सप्तकातली पांढरी पाच ४९ हर्ट्झची आणि आपली वीज ५० ची. म्हणजे आमच्या सोसायटीच्या अर्थिंगनं पांढरी पाच किंचित चढी लावली होती आणि मी गायला बसायचा अवकाश होता.

कारण सरळ होतं. हॉलचा ॲम्प तीन पिनांचा, स्वयंपाकघरातलाही तीन पिनांचा. दोघांना भिंतीतून अर्थ मिळतो, आणि आता सिग्नलच्या केबलच्या जाळीतूनही दोघांचे अर्थ एकमेकांना भेटले. फेरा पूर्ण झाला. इमारत जुनी, फ्रिज आणि मिक्सर त्याच सर्किटवर, दोन सॉकेटच्या अर्थमध्ये थोडा फरक असणारच. हॉलकडून आलेल्या केबलच्या मोकळ्या जॅकची बाहेरची कडी आणि स्वयंपाकघरातल्या ॲम्पचा डबा यांच्यात मल्टिमीटर लावला, १८ मिलिव्होल्ट. क्षुल्लक वाटतात. पण हळू आवाजात आमचा हॉल तीसएक मिलिव्होल्टवरच गात असतो! आईंच्या खोलीतला बोर्ड जुन्या लॅपटॉपच्या दोन पिनांच्या अडॅप्टरवर चालतो, त्याला अर्थच नाही, म्हणून तो या भांडणात नव्हता.

इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घेतलं. एक जोड सैल होता, तो त्यानं घट्ट केला, हम थोडा उतरला, गेला नाही. तो म्हणाला, "ताई, या डब्याची अर्थची पिन काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम." हम गेला असता हे खरं. पण तो पत्र्याचा डबा, आत २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, आणि शेजारी सिंक. उद्या आतली फेज सुटून पत्र्याला लागली तर अर्थ नसलेल्या डब्याला ओल्या हातानं शिवणारी पहिली मीच. हमसाठी कुणी अर्थ तोडायला सांगितलं तर त्याला चहा द्यावा आणि निरोप द्यावा.

उपाय होता ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा. ६०० ला ६०० ओहमचे दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, दोन चॅनेलना दोन, स्वयंपाकघरातल्या ॲम्पच्या तोंडाशी. सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो, तांब्याचा जोड राहत नाही, फेरा तुटतो. स्वस्तातल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये खर्ज मरतो अशी तक्रार असते. मागचा आउटपुट इम्पीडन्स कमी असेल तर तो बराचसा टिकतो, आणि फडताळावरच्या चार इंची स्पीकरकडून खर्जाची अपेक्षा मी करतही नाही. घुंऽऽ बंद झालं. त्या रात्री नुसतीच शांतता ऐकत बसले थोडा वेळ.

खरं सांगायचं तर आज पुन्हा करायचं झालं तर तिन्ही ॲम्प हॉलमध्येच प्रीॲम्पच्या शेजारी विजेच्या एकाच एक्स्टेंशनवर ठेवीन आणि खोल्यांमध्ये स्पीकरच्या लांब वायरी नेईन. दीड चौरस मिलिमीटरची वायर आठ मीटर लांब नेली तरी जाऊन-येऊन पाव ओहमही होत नाही. अर्थचा फेरा नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. पण मग आईंच्या खोलीत त्यांचं स्वतःचं चालू-बंदचं बटण राहिलं नसतं, आणि त्याशिवाय त्यांना चाललं नसतं. सकाळी सहाला आकाशवाणी त्यांना त्यांच्या हातानं लावायची असते.

किरकोळ दोन गोष्टी उरकून टाकते. एक, माझा घरगुती ॲम्प सिग्नल उलटा करत होता. इनव्हर्टिंग पद्धतीनं जोडला होता आणि मीच विसरले होते. त्यामुळे हॉल आणि स्वयंपाकघराच्या दाराशी उभं राहिलं की डग्गा पोकळ वाटायचा. त्या जोडीच्या प्रत्येक स्पीकरच्या अधिक-उणे वायरी अदलाबदल केल्या, संपलं. दोन, चालू करताना प्रीॲम्प आधी आणि ॲम्प शेवटी, बंद करताना उलट. नाहीतर प्रीॲम्पचा प्रत्येक आळोखापिळोखा तीन जोड्यांतून 'धप्प' करून ऐकू येतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा मी आठवणीनं सगळी बटणं बंद करते. एकदा विसरले होते. वीज आली तेव्हा मांजर खिडकीवर झोपलेलं होतं. पुढचे चार दिवस ते हॉलमध्ये आलं नाही.

आता आईंकडे. वय चौऱ्याऐंशी, कान दोन्ही मंद, यंत्र आहे पण ते 'बाहेर जाताना' घालायचं असतं अशी त्यांची समजूत. त्यांच्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी दोन छोटे स्पीकर. बटण एकच, प्रीॲम्पवरचं, त्यामुळे हॉलमध्ये आम्हाला सोसेल एवढा आवाज ठेवला तर त्यांना काही ऐकू यायचं नाही, आणि त्यांना पुरेसा केला की शेजारचे जोशी... असो, शेजारचे कुणीतरी जिन्यात भेटायचे. त्यांच्या बोर्डाला आवाजाचा पॉट नव्हता, तो कायम पूर्ण गेनवर. मग मी उलटं केलं. हॉलच्या आणि स्वयंपाकघरातल्या ॲम्पना त्यांचे-त्यांचे पॉट होते, ते खाली आणले. हॉलचा १२ डेसिबलनं. प्रीॲम्पचं बटण तेवढंच वर. आता सगळीकडे ज्याच्या-त्याच्या कानापुरता आवाज. मी खूश होते. पण १२ डेसिबल म्हणजे व्होल्ट चौपट. प्रीॲम्प आता त्याच गाण्यासाठी पूर्वीच्या चौपट व्होल्ट बाहेर टाकत होता, आणि हे वाक्य मी तेव्हा मनात म्हटलं असतं तर दीड महिना वाचला असता.

कारण आवाज बसायला सुरुवात झाली ती त्याच आठवड्यात.

मी काय काय तपासलं! रात्री व्होल्टेज चढतं का पाहिलं. चढतं, आमच्याकडे दिवसा २३१ असलेलं रात्री २४८ सुद्धा झालेलं पाहिलंय, पण त्यानं ॲम्प घोगरा होत नाही. पावसाळ्याची ओल म्हणून सगळे जॅक स्पिरिटनं पुसले. रिलेचे संपर्क खराब असतील म्हणून ॲम्प उघडला. स्पीकरचा कोन घासतोय का म्हणून बोटानं हळूच दाबून पाहिला. डावा-उजवा अदलाबदल केला तर दोन्हीकडे सारखीच खरखर. दोन्ही चॅनेल एकाच वेळी, एकाच तऱ्हेनं बिघडतात आणि सकाळी एकाच वेळी बरे होतात, हा काही एखाद्या भागाच्या म्हातारपणाचा प्रकार नव्हे.

मग आई दोन दिवसांसाठी चिंचवडला भाचीकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, ऊन पडलेलं असताना, मी भीमसेनजींचं एक जुनं ध्वनिमुद्रण लावलं आणि तानेच्या टोकाला तीच खरखर. दुपारी दोन वाजता! म्हणजे रात्रीचा काही संबंधच नव्हता. संबंध आईंचा होता.

त्यांच्या खोलीत गेले. अडॅप्टरचं बटण बंद. चालू केलं, हॉलमध्ये येऊन ऐकलं, स्वच्छ. बंद केलं, खरखर. तिसऱ्यांदा बटण बंदच ठेवलं आणि बोर्डातून सिग्नलचा जॅक उपसला. स्वच्छ. जमिनीवर तशीच बसले, हातात जॅक, आणि स्वतःलाच हसले.

झालं होतं ते असं. चालू असलेलं इनपुट नुसतं ऐकतं हे खरं. पण चिपच्या आत, पायांच्या लगेच मागे, संरक्षणासाठी चिमुकले डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे) असतात, एक शून्य व्होल्टच्या रेघेकडे, एक पुरवठ्याच्या रेघेकडे. चिपला वीज असेल तर ते गप्प. वीज काढली की पुरवठ्याची रेघही शून्यावर येते, आणि मग सिग्नल साधारण अर्ध्या-पाऊण व्होल्टच्या वर किंवा खाली गेला की हे डायोड उघडतात आणि वरचा तुकडा खाऊन टाकतात. पूर्वी माझा सिग्नल तिथवर पोचतच नव्हता. चौपट केल्यावर नेमकी तानांची आणि थापांची टोकं तिथं पोचायला लागली. शिवाय आई झोपल्या की मी बटण जरा आणखी वर करायची. आणि तिन्ही ॲम्प प्रीॲम्पच्या आतल्या त्या एकाच पट्टीवरून सिग्नल घेत असल्यामुळे आईंच्या झोपलेल्या बोर्डानं खाल्लेली टोकं हॉललाही मिळेनात. बुवांच्या समोर श्रोता झोपला तर चालतं. हा झोपेत बुवांचं उपरणं ओढत होता.

सोपा उपाय म्हणजे तो बोर्ड कायम चालू ठेवणं. पण आईंना न वापरता चालू ठेवलेली कुठलीही वस्तू खपत नाही, फ्रिज सोडून. दुसरा उपाय म्हणजे त्या वाटेवर काही किलोओहमचा रेझिस्टर टाकायचा, म्हणजे ओढ कमी होईल. तो चालला असता. पण आता मला पुरतंच करायचं होतं.

वनाझहून मेट्रोनं सिव्हिल कोर्ट, तिथं गाडी बदलून मंडई आणि मग चालत तपकीर गल्ली, इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची. या गल्लीत मी पॉलिटेक्निकमध्ये असल्यापासून जाते. तेव्हा काउंटरवर मुलगी आली की दुकानदार "वडिलांना काय हवंय?" विचारायचे. आता "मावशी, नातवाचा प्रोजेक्ट का?" विचारतात. मी "हो" म्हणते, त्यानं सुटे भाग लवकर मिळतात. तीन एनई ५५३२, त्यांची बैठकं, १५-०-१५ चा ट्रान्सफॉर्मर, ७८१५ आणि ७९१५ रेग्युलेटर, १०० ओहमचे आणि १०० किलोओहमचे रेझिस्टर, जॅक, एक डबा. आणि परत निघाल्यावर काहीतरी आठवून मागे फिरले आणि १० किलोओहमचा दुहेरी पॉट आणि मोठ्यात मोठं बटण घेतलं.

एका ५५३२ चिपमध्ये दोन ऑपॲम्प (सिग्नल हाताळणारे छोटे ॲम्प) असतात, एक डाव्यासाठी, एक उजव्यासाठी. तीन चिप म्हणजे तीन खोल्या. प्रत्येक ऑपॲम्प नुसता बफर, गेन एक, जितके व्होल्ट आत तितके बाहेर. इनपुटला प्रत्येकी १०० किलोओहम, तीन समांतर म्हणजे प्रीॲम्पला आता दहाऐवजी ३३ किलोओहमचं, म्हणजे हलकं, ओझं. बाहेर पडताना १०० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे लांब केबलच्या कपॅसिटन्सनं ऑपॲम्प स्वतःच गायला लागत नाही. मुख्य म्हणजे एका खोलीतला ॲम्प झोपला, मेला, त्याचा जॅक शॉर्ट झाला, तरी ती झळ त्याच्या बफरपुरती. बाकी दोघांना पत्ताही लागत नाही. दोन संध्याकाळी गेल्या सोल्डर करण्यात. चष्म्यावर चष्मा लावून.

उरलेला पॉट आईंच्या बोर्डाच्या आधी बसवला आणि ते मोठं बटण त्यांच्या पलंगाच्या कडेला, हात सहज पोचेल तिथं. आवाज पूर्ण कमी होतो त्या जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"तुमचं बटण, आई. आता आमच्याकडे कितीही असो, तुम्हाला हवा तेवढा ठेवा."

त्यांनी ते एकदा डावीकडे पूर्ण फिरवलं, एकदा उजवीकडे पूर्ण. मग म्हणाल्या, "बरं केलंस. इतके दिवस नव्हतं ते?"

त्या रात्री मी तयारीनं बसले. साडेनऊ झाले, दिवा मालवला गेला. आतला बोर्ड बंद झाला असणार असं धरून प्रीॲम्पचं बटण नेहमीपेक्षा वर नेलं. तार षड्ज आला, राहिला, स्वच्छ उतरला. नवरा पेपरमधून मान वर करून म्हणाला, "आज कान दमले नाहीत वाटतं." दीड महिन्यानंतर का होईना, मला ते ऐकायचं होतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंच्या खोलीत केर काढताना हात अडॅप्टरला लागला. गरम. रात्रभर चालू होता. बटण लाल ठिपक्याच्या बोटभर पुढे.

"आई, काल बंद करायला विसरलात?"

"विसरेन कशी? बंद कशाला करू? हळू केलं. तू रात्री लावतेस ते मला आवडतं गं. पण आधी ते एक तर बोंबलायचं, नाही तर बंदच करावं लागायचं."

आईंचं हळू म्हणजे भिंतीपलीकडच्या आमच्या बेडरूममध्ये शब्द कळतील इतकं. तेव्हापासून आता चार महिने झाले, ज्या झोपलेल्या बोर्डासाठी मी तीन बफर बांधले तो रात्री बंद झालेला मी एकदाही पाहिलेला नाही.